स्काऊटचा गणवेश आला, पण पथक चालवणार कोण?

एकट्या मास्तरांच्या खांद्यावर पथक टिकत नाही. गावातली दोन-तीन मोठी माणसं पुढे आली, तरच पोरांना खरं स्काऊटिंग मिळेल.

२०२४-२५ या शालेय वर्षात आपल्या जिल्हा परिषद शाळांतल्या पहिली ते आठवीच्या पोरांना सरकारने दोन गणवेश द्यायचं ठरवलं. एक नेहमीचा आणि दुसरा स्काऊट-गाईडचा. सोमवार, बुधवार, शुक्रवारी नेहमीचा घालायचा आणि मंगळवार, गुरुवार, शनिवारी स्काऊट-गाईडचा. दुसऱ्या गणवेशाचं कापड शाळेला मिळणार होतं. शिलाईसाठी दर गणवेशामागे १०० रुपये आणि वरकड खर्चाला १० रुपये धरले होते. या पैशात शिवून द्यायला कोणता टेलर तयार होतो, हा प्रश्न मुख्याध्यापकांनी तेव्हाच विचारला होता. कुठे गणवेश उशिरा आले, कुठे मापात बसले नाहीत. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं.

या सगळ्या गडबडीत चर्चा झाली ती कापडाची, मापाची आणि शिलाईची. आठवड्यातले तीन दिवस स्काऊटचा गणवेश घालणारी ही पोरं स्काऊटिंग म्हणून नक्की करतात काय, आणि त्यांना ते शिकवतं कोण, हे फारसं कुणी विचारलं नाही.

पुढे जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक स्वरूपाचं लष्करी प्रशिक्षण देण्याचा मानस जाहीर केला. त्यासाठी क्रीडा शिक्षक, एनसीसी, स्काऊट-गाईड आणि राज्यातले सुमारे अडीच लाख माजी सैनिक यांची मदत घ्यायची, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे स्काऊट-गाईडचं नाव पुन्हा पुढे आलं. मात्र गावातलं पथक ज्या माणसामुळे चालतं किंवा बंद पडतं, त्याच्याबद्दल याही वेळी कुणी बोललं नाही. तो माणूस म्हणजे पथकाचा स्काऊटर आणि मुलींच्या बाजूला गाईडर. त्यांचं म्हणणं काय, त्यांच्या अडचणी काय आणि गाव म्हणून आपण काय करू शकतो, ते पाहू.

पथक म्हणजे नेमकं काय?

आधी थोडं समजून घेऊ. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन पॉवेल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर सुमारे २० मुलांचं शिबिर घेतलं. त्यात बड्या घरची मुलं होती आणि कामगारांचीही होती. त्याने त्यांच्या छोट्या टोळ्या पाडल्या आणि प्रत्येक टोळीला त्यांच्यातलाच एक नायक दिला. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं आणि ही चळवळ जगभर गेली.

भारतात १९०९ च्या सुमारास स्काऊटिंग आलं, तेव्हा ते इंग्रजांच्या मुलांपुरतं होतं. भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. अलाहाबादला पंडित मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीमार्फत पथकं उभी केली. स्वातंत्र्यानंतर या वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था झाली. आपल्या शाळांतली पथकं तिच्याच जिल्हा संस्थेकडे नोंदवली जातात.

पथकाची रचना साधी आहे. सहा ते आठ पोरांचा एक संघ आणि त्याचा एक संघनायक. असे चार संघ मिळून एक पथक, म्हणजे जास्तीत जास्त ३२ पोरं. दहा वर्षांखालचे मुलगे कब, मुली बुलबुल. त्यापुढचे स्काऊट आणि गाईड. मोठे झाले की रोव्हर-रेंजर. शिकण्याच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार.

बघा, या रचनेत मोठ्या माणसाची जागा मागे आहे. पुढे संघनायक असतो आणि मोठा माणूस मागून लक्ष ठेवतो. दोर बांधणं, चूल पेटवणं, नकाशा वाचणं, जखमेला पट्टी बांधणं ही कामं पोरांनी स्वतः करायची, चुकायची आणि पुन्हा करायची. स्काऊटिंग आणि कवायत यांच्यातला फरक इथेच आहे. कवायतीत एक माणूस हुकूम देतो आणि शंभर पोरं पाय उचलतात. पथकात आठ पोरं मिळून ठरवतात की तंबू कुठे ठोकायचा. बेडन पॉवेल स्वतः सैन्यातला असूनही त्याने मुलांचं काम खेळाच्या अंगाने उभं केलं, ते याचसाठी.

पथक चालवणारे काय म्हणतात?

तालुक्यातल्या स्काऊट मास्तरांशी, गाईडरबाईंशी किंवा जुन्या रोव्हरांशी बोललं की चार गोष्टी पुन्हा पुन्हा कानावर येतात.

पहिली गोष्ट वेळेची. गावाकडच्या बहुतेक शाळांत स्काऊटचं काम कुणा एका शिक्षकाला 'दिलेलं' असतं. तोच शिक्षक पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो, मतदार यादीचं काम करतो आणि निवडणुकीला जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामाला लावता येत नाही. पण ही सूट मिळालेली कामंच काही थोडी नाहीत, त्यात आता २०२७ च्या जनगणनेची भर. पथकाचं खरं काम शाळा सुटल्यावर, शनिवारी-रविवारी आणि सुट्टीत होतं. तो वेळ शिक्षकाच्या घरचा असतो. जे देतात ते मनापासून देतात, पण 'तुमचं कामच आहे ते' असं त्यांना कुणी म्हटलं की मन उतरतं.

दुसरी गोष्ट जबाबदारीची, आणि खरं तर भीतीची. पोरं ओढ्यावर, डोंगरावर नेली आणि काही झालं तर? विहीर आहे, शेततळं आहे, साप आहे, वीज आहे. त्यामुळे बरेच जण पोरांना शाळेच्या कंपाउंडबाहेर नेतच नाहीत. मग स्काऊटिंग उरतं ते सलामी, प्रार्थना आणि रांगेपुरतं. ही भीती खोटी नाही, पण याच भीतीमुळे पोरं जे शिकायला हवं तेच शिकत नाहीत. त्याबद्दल पुढे बोलू.

तिसरी गोष्ट पैशाची. नोंदणी, स्कार्फ, दोर, काठ्या, शिबिराचा शिधा, एसटीचं भाडं. रक्कम फार मोठी नसते, पण रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापाला शिबिराची वर्गणी जड जाते. मास्तर कधी खिशातून घालतात, कधी पोराला घरी ठेवतात. 'खरी कमाई' हा उपक्रम याच अडचणीवरचा आपला जुना उपाय आहे. पोरं भेळ, वडापाव, ताक, पालेभाज्या विकतात आणि हिशेब लिहितात. काही शाळांत मात्र तो आता फोटो काढण्यापुरता उरलाय. माल घरून आणायचा, विकत घेणारेही शिक्षकच आणि पैसे कुठे गेले ते पोरांना माहीत नाही. ज्या पथकात या पैशातून दोर आणि भांडी येतात, तिथल्या पोरांना त्या वस्तूंची किंमत वेगळी कळते.

चौथी गोष्ट थोडी कडू आहे. अनेक स्काऊटरांना वाटतं की आपलं पथक पाहुण्यांच्या स्वागतापुरतं उरलंय. पुढारी आले, उद्घाटन आलं, मिरवणूक आली की स्कार्फ घातलेली पोरं दोन्ही बाजूला उभी. पाहुणे दोन तास उशिरा येतात आणि पोरं उन्हात ताटकळतात. त्या दिवशी कुणी काही शिकलेलं नसतं, पण कागदावर एक उपक्रम वाढलेला असतो. नाही म्हणायची मास्तरांची टाप नसते, कारण बदली, तक्रार, गावातलं राजकारण असं सगळं त्याला जोडलेलं असतं.

मतं इथेच फुटतात

अडचणींवर सगळ्यांचं एकमत आहे, उपायांवर नाही.

काही जुने स्काऊटर म्हणतात की पुरस्कारांमुळे चळवळ टिकलीय. राज्य पुरस्कार मिळाला की दहावीला सवलतीच्या गुणांचा फायदा आहे. राष्ट्रपती पुरस्कार असेल तर रेल्वेच्या स्काऊट-गाईड कोट्यातल्या भरतीचं दार उघडतं. पालकांना हे कळतं, म्हणून ते पोराला पाठवतात. गरिबाच्या पोराला नोकरीची एक वाट मिळत असेल तर त्यात वाईट काय?

दुसऱ्यांचं म्हणणं असं की याच पुरस्कारांनी पथकं आतून पोकळ केलीत. वह्या एकमेकांच्या बघून उतरवल्या जातात. चाचणी शिबिराच्या आदल्या दिवशी दोराच्या गाठी पाठ केल्या जातात. बॅज बाहीवर असतो, पण बोटाला गाठ आठवत नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पालक मजुरी बुडवून शिबिराला सोडायला येतात ते काहीतरी आशेनेच, ती आशा हसण्यावारी नेऊ नये. पण सोपानाच्या पायऱ्या चढायला वर्षं लागतात आणि आपल्याकडे पोरांची शाळा मध्येच बदलते. वाडीची शाळा चौथीपर्यंत, गावची सातवीपर्यंत आणि हायस्कूल पलीकडच्या गावात. कब म्हणून सुरुवात केलेला पोरगा दोनदा शाळा बदलतो आणि प्रत्येक ठिकाणी पथक असेलच असं नाही. मास्तरांची बदली झाली तर तिथेच सगळं थांबतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची पोरं दसरा-दिवाळीला निघतात ती उन्हाळा लागल्यावर परत येतात. त्यांच्या वाट्याला तर पहिली पायरीही येत नाही. शाळेला बांधलेलं पथक शाळेच्या भिंतीपाशीच संपतं.

मुलींचा प्रश्न आणखी अवघड. गाईड पथकाला बाई गाईडरच लागते. ज्या शाळेत दोन शिक्षक आणि दोघेही पुरुष, तिथे मुली गणवेश घालतात पण त्यांची कंपनी उभी राहत नाही. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून जास्त आहेत. अशा शाळेत चार संघांचं पथक भरणारच नाही, कारण तेवढी पोरंच नाहीत.

माजी सैनिकांना आणायच्या कल्पनेवरही दोन मतं आहेत. एक बाजू म्हणते की गावात शिस्तीची, तब्येतीची आणि वेळ असलेली हीच माणसं आहेत, त्यांना बोलवा. दुसरी बाजू म्हणते की पथकाचं कवायत मैदान होईल. यावरचा मार्ग स्काऊट चळवळीतच आहे. मोठ्या माणसांसाठी तिचं स्वतःचं प्रशिक्षण असतं. आधी बेसिक कोर्स, मग ॲडव्हान्स कोर्स आणि पुढे हिमालय वूड बॅज. माजी सैनिक असो, शिक्षक असो की शेतकरी, पोरांच्या टोळीकडून काम कसं करून घ्यायचं हे त्याने आधी स्वतः टोळीत बसून शिकायचं. वीस वर्षं सीमेवर काढलेल्या माणसालाही दहा वर्षांच्या पोराची चूल पेटेपर्यंत गप्प बसणं शिकावं लागतं.

पथक गावाचं का होऊ नये?

आता मुद्द्याचं. पथक शाळेचंच असलं पाहिजे असं नाही. भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या रचनेत शाळेच्या पथकांसोबत मुक्त पथकाचीही सोय आहे. वस्तीतली, गावातली मोठी माणसं एकत्र येऊन नोंदणी करून असं पथक चालवू शकतात. आपल्याकडे ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, कारण स्काऊट म्हटलं की शाळाच डोळ्यापुढे येते.

इंग्लंडमध्ये उलटं आहे. तिथे पथक वस्तीचं असतं आणि चालवणारे पालक, नोकरदार, दुकानदार असे बिनपगारी स्वयंसेवक असतात. तिथेही तोटा मोठ्या माणसांचाच आहे. अलीकडच्या काळात लाखाच्या आसपास मुलं पथकात जागा मिळण्याची वाट पाहत होती, कारण त्यांना सांभाळायला मोठी माणसं पुरत नव्हती. म्हणजे अडचण फक्त गरिबीची किंवा आपल्या शाळांची नाही. आठवड्याला दोन तास दुसऱ्यांच्या पोरांसाठी देणारी माणसं कुठेही सहज मिळत नाहीत.

पण गावाकडे आपल्याजवळ काही जमेच्या बाजू आहेत. निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, माजी सैनिक आहेत. होमगार्ड, आशाताई, अंगणवाडीताई आहेत. बचत गटात हिशेब चोख ठेवणाऱ्या बाया आहेत. कॉलेजात एनएसएस केलेली, आता शेती बघणारी पोरं आहेत. यातल्या एकट्याने सगळं करायचं म्हटलं तर जमणार नाही. कामं वाटली तर जमेल. एकाने शनिवारची बैठक घ्यायची, दुसऱ्याने हिशेब आणि परवानगीचे कागद बघायचे, तिसरीने मुलींची कंपनी घ्यायची. मास्तर सल्ल्याला आणि शाळेच्या मैदानाला. मग मास्तरांची बदली झाली तरी पथक राहतं. तीन वाड्यांच्या छोट्या शाळांची पोरं एकत्र आली तर चार संघ सहज भरतात. पोरगा हायस्कूलला गेला तरी त्याचं पथक तेच राहतं.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की गावाच्या हातात दिलं की गावचं राजकारण आत येईल. खरं आहे, येईल. म्हणून दोन नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवावेत. एक, कोणत्याही पक्षाच्या, नेत्याच्या किंवा खाजगी कार्यक्रमाला पथक गणवेशात उभं राहणार नाही. दोन, संघ पाडताना गल्ली, भावकी आणि आळी यांची सरमिसळ होईल. ज्या गावात पंगतीच्या रांगा अजून वेगळ्या पडतात, तिथे एका चुलीवर आठ घरची पोरं भाकरी करून खातात, हे लहान काम नाही.

भीतीचं काय करायचं?

आता त्या भीतीकडे येऊ. पोरं पथकात नसली म्हणून काही सुरक्षित नसतात. ती तशीही ओढ्यावर जातात, विहिरीत उड्या मारतात, गुरांमागे रानात फिरतात. फरक इतकाच की त्यांच्यासोबत शिकवणारं कुणी नसतं.

शेततळ्याचंच घ्या. आत अंथरलेला प्लास्टिक कागद निसरडा असतो, पडलेल्याला कडेला येऊनही वर चढता येत नाही. एक पोरगा पडतो, त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोन घरं बसतात. स्काऊटला शिकवलं जातं की आधी ओरडून माणसं बोलवा आणि काठावरूनच दोर, काठी किंवा रिकामा कॅन फेका. सुटत नाही आणि आवळतही नाही अशी फासाची गाठ कशी मारायची, हे हाताला सवय होईपर्यंत करायचं. साप चावला तर चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यायचं. वीज कडाडत असताना झाडाखाली थांबायचं नाही. या गोष्टी वहीत लिहून येत नाहीत. पाच-पाच वेळा करून बघाव्या लागतात, आणि त्यासाठीच पथक आहे.

दुसरी भीती मोठ्या माणसांची. ती बोलायला आपल्याला संकोच वाटतो, म्हणून स्पष्ट बोलू. पोरांच्या जवळ येणारा प्रत्येक मोठा माणूस चांगलाच असतो असं नाही. अमेरिकेत बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका या जुन्या संस्थेत वर्षानुवर्षं मुलांचं लैंगिक शोषण झालं आणि तक्रारी संस्थेच्या फायलींत दबून राहिल्या. २०२० मध्ये संस्थेला दिवाळखोरीत जावं लागलं. ८२ हजारांहून जास्त लोकांनी दावे केले आणि भरपाईची रक्कम जवळपास अडीच अब्ज डॉलरवर गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये संस्थेने आपलं नावही बदललं. एवढी मोठी संस्था 'आपल्यातलं आपल्यात मिटवू' या सवयीने रस्त्यावर आली.

आपल्याकडेही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या घटनेने राज्य हादरलं. त्यानंतर सरकारने शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती यांवर भर दिला. पथकाला हेच नियम लागू करायला हवेत, शाळेचं असो की गावाचं. कोणताही मोठा माणूस एका पोरासोबत एकटा नसणार, कायम दोन मोठी माणसं हजर असणार. मुली असतील तिथे बाई असणारच. शिबिरात मोठ्यांची आणि पोरांची झोपायची जागा वेगळी. स्वयंसेवक होणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी, मग तो सरपंचांचा भाऊ का असेना.

आणि काही झालंच तर गावात बैठक घेऊन मिटवायचं नाही. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार मुलावर अत्याचार झाल्याचं माहीत असूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर १०९८ पथकातल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असावा.

चांगल्या स्वयंसेवकाला हे नियम अपमान वाटायचं कारण नाही. उलट दोघं जण कायम सोबत असतील तर खोट्या आरोपापासून त्यालाही संरक्षण मिळतं. ज्याला हे नियम नको असतील त्याला पथकात घेऊ नये, इतकं सोपं आहे.

गावाने काय करायचं?

सरकारने गणवेशाचा खर्च उचलला, तसा मोठ्या माणसांच्या प्रशिक्षणाचा खर्चही उचलायला हवा. बेसिक कोर्सला जाणाऱ्या शेतकऱ्याची किंवा आशाताईची मजुरी बुडते, ती भरून निघाली पाहिजे. शिक्षकाने शनिवार-रविवारी पथकाला दिलेला दिवस कुठेतरी मोजला गेला पाहिजे. लष्करी प्रशिक्षणाची घोषणा अमलात येईल तेव्हा येईल, तोवर आहे त्या पथकांना माणसं मिळाली तरी पुष्कळ झालं.

पण सगळं सरकारवर टाकून चालणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. म्हणजे ही समिती आपलीच आहे. पुढच्या बैठकीत एवढं विचारा: आपल्या शाळेचं पथक नोंदवलेलं आहे का? स्काऊटर आणि गाईडरने प्रशिक्षण घेतलंय का? गेल्या वर्षात पोरं कंपाउंडबाहेर किती वेळा गेली? खरी कमाईच्या पैशाचा हिशेब कुणाकडे आहे? मुलींची कंपनी आहे का? पोरांसोबत दुसरं मोठं माणूस कोण असतं?

उत्तरं मिळाली नाहीत तर मास्तरांवर धावून जाऊ नका. त्यांनाच विचारा की तुम्हाला कोणत्या कामात हात हवाय. बऱ्याच ठिकाणी मास्तर या प्रश्नाची वर्षानुवर्षं वाट बघत असतील. मग विषय ग्रामसभेत न्या. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी आणि १ मे या ठरलेल्या ग्रामसभांपैकी जी जवळ असेल तिथे गावातून तीन नावं मागा. त्यात एक तरी बाई हवी. ती नावं भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या जिल्हा कार्यालयाकडे द्या आणि पुढचा बेसिक कोर्स कधी आहे ते विचारा.

तीन नावं मिळाली तर सुरुवात झाली असं समजा. नाहीच मिळाली, तर निदान हे तरी कळेल की पोरांना गणवेश देणं सोपं होतं, त्यांना आठवड्यातले दोन तास देणं आपल्याला जड जातंय.